वाचकांचे प्रश्न : काणूक बदकाचे छायाचित्र आणि त्याचे वर्णन

प्रश्न : स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे. गावाबाहेरच्या तळ्यात कमळे आहेत आणि दिवाळीनंतर तेथे कबुतराएवढी आठ-दहा बदके दिसू लागली आहेत. त्यांचे तोंड पांढरे आहे, डोक्यावर काळसर टोपी आहे आणि पाठ कधी काळी, तर कधी हिरवी दिसते. माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा व ३०० मिमीची लेन्स आहे. परंतु प्रत्येक छायाचित्रात डोक्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका उमटतो. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘लहान, सुंदर, रंगीबेरंगी बदक’ असे वर्णन लिहिले, तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, “बाई, हे वाचून ते बदक ओळखायचे कसे?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय माझ्या सहकाऱ्यांच्या मते गळ्यात काळा पट्टा नसल्यामुळे या सर्व माद्याच आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न या सदराकडे आजवर आलेल्या प्रश्नांपैकी फार मोलाचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करतो. ‘सुंदर’ आणि ‘रंगीबेरंगी’ हे शब्द पाहणाऱ्याच्या मनाविषयी सांगतात, पक्ष्याविषयी काहीच सांगत नाहीत. पत्रातील आपलेच दुसरे वाक्य मात्र उत्तम वर्णन आहे : कबुतराएवढे, पांढरे तोंड, काळसर टोपी, पाठ कधी काळी तर कधी हिरवी. एवढ्यावरून हे काणूक बदक आहे असे मी बेळगावात बसून सांगू शकतो. भित्तिपत्रकावर तेच वाक्य लिहिले असते, तर त्या मुलीला विचारावे लागले नसते.

काणूक हे आपल्याकडील सर्वांत लहान बदक होय, आणि जगभरातील बदक-हंसांच्या कुळातही त्याची गणना सर्वांत लहानांमध्ये होते. त्याची लांबी सुमारे ३३ सेंमी आणि वजन साधारण पाव किलो असते. चोच आखूड आणि बुडाशी उंच असते. बदकाची नेहमीची चपटी, पसरट चोच त्याला नाही. या हंसासारख्या चोचीमुळेच इंग्रजी नावात त्याला ‘पिग्मी गूज’, म्हणजे बुटका हंस, म्हटले गेले. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिन याने १७८९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले व कोरोमंडल किनाऱ्यावरून त्याला ‘कोरोमँडेलियानस’ असे नाव दिले. ‘नेट्टापस’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), मागाहून, १८३६ मध्ये, ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञाने स्थापन केली. हे बदक थंडीपुरते येणारे पाहुणे नाही. ते आपल्याच तळ्यांवर राहते व पाण्याच्या सोयीनुसार जवळपासच्या तळ्यांमध्ये फिरत असते. कमळे, कुमुदे आणि पाणगवत यांनी भरलेली जुनी तळी त्याला विशेष मानवतात, कारण पाणवनस्पतींचे बी व कोवळे भाग हेच त्याचे मुख्य खाद्य आहे. जोडीला किडे आणि लहान कवचधारी जीवही ते खाते.

आता नर-मादीचा प्रश्न. आपल्या सहकाऱ्यांचा तर्क पावसाळ्यात बरोबर ठरला असता. वीणीच्या काळात, म्हणजे मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, नराचे डोके, मान व पोट शुभ्र असते, माथा काळसर असतो, पाठीवर गडद हिरवी झळाळी असते आणि गळ्याच्या बुडाशी ठळक काळा पट्टा असतो. मादी तपकिरी छटेची असते, तिच्या डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि मान मळकट दिसते. परंतु वीण संपल्यावर नराचा पट्टा नाहीसा होतो, झळाळी मंदावते, आणि पोहणारा नर जवळजवळ मादीसारखाच दिसू लागतो. अशा वेळी उत्तर पंखात सापडते. नराच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा वर्षभर टिकतो व उडताना तो लांबूनही उठून दिसतो. मादीच्या पंखाच्या मागील कडेला केवळ अरुंद पांढरी रेघ असते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात खानापूरच्याच बाजूच्या एका तळ्यावर मी वहीत ‘सहा माद्या’ अशी नोंद केली होती. घरी आल्यावर उड्डाणाच्या चौकटी मोठ्या करून पाहिल्या, तेव्हा सहापैकी चौघांच्या पंखांवर तो रुंद पट्टा स्पष्ट होता. तेव्हापासून पंख उघडलेला पाहिल्याशिवाय हिवाळ्यातील काणुकाचे लिंग मी लिहीत नाही. आपणही तूर्त ‘आठ ते दहा पक्षी, लिंग ठरवता आले नाही’ असे लिहावे. अशी नोंद अपुरी असली तरी खरी असते, आणि पुढच्या रविवारी ती पुरी करता येते.

पांढऱ्या ठिपक्याचे कारण कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनात आहे. कॅमेरा समोरच्या संपूर्ण दृश्याचा प्रकाश मोजून त्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे नेतो. आपल्या चौकटीचा बहुतेक भाग गडद पाणी व हिरवी पाने यांनी व्यापलेला असतो आणि बदक त्यात अगदी लहान असते. साहजिकच कॅमेरा अंधाराची भरपाई म्हणून जास्त प्रकाश आत घेतो आणि पांढऱ्या डोक्यावरील पिसांचा सारा तपशील जळून जातो. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय, उणे पाऊण ते उणे सव्वाच्या आसपास ठेवावे, एक चौकट घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला चिकटला आहे का ते पाहावे, आणि पडद्यावर जळालेला भाग लुकलुकत असेल तर प्रकाश आणखी कमी करावा. हिरवी पाठ काळी पडली तरी चालेल. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात छायाचित्र घेतले असेल, तर काळोखात दडलेला तपशील पुष्कळ प्रमाणात परत मिळतो. जळालेल्या पांढऱ्यातून मात्र काहीच परत मिळत नाही. काणुकाच्या डोळ्याभोवतीची फिकट किंवा गडद रेघ हाच मादी ओळखण्याचा एक पुरावा असल्यामुळे ते डोके वाचवणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पाठ कधी काळी, कधी हिरवी का दिसते, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. हा हिरवा रंग पिसात कालवलेल्या रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये थरांची अशी रचना असते की विशिष्ट कोनातून आलेल्या प्रकाशातील हिरवा भाग परावर्तित होऊन आपल्याकडे येतो, आणि कोन बदलला की तीच पाठ काळी दिसते. शहापूरच्या मागावर विणलेली धूपछाव साडी मुलांनी पाहिली असेल. उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे पदर हलला की तिचा रंग पालटतो. कारण वेगळे असले तरी रंग पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो, ही गोष्ट दोन्हींकडे सारखीच आहे. म्हणून सकाळी तळ्याच्या पूर्वेकडील बांधावर बसावे. सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि बदकाच्या पाठीवरची झळाळी लेन्सकडे येते. पश्चिमेच्या काठावरून घेतलेल्या सकाळच्या चौकटीत तेच बदक कोळशासारखे काळे येईल. वर्णनातही ‘पाठ हिरवी’ असे न लिहिता ‘पाठ काळसर, उन्हात हिरवी झळाळी’ असे लिहावे.

३०० मिमी लेन्स पुरेशी आहे का, असे आपण विचारले नाही, पण प्रश्नामागे ती शंका जाणवते. हिशेब करून पाहू. लहान सेन्सरच्या नेहमीच्या डीएसएलआरवर, २५ मीटर अंतरावरील काणूक चौकटीच्या रुंदीचा सुमारे सहावा भाग व्यापते. ५० मीटरवर त्याच्या निम्मे. भित्तिपत्रकासाठी पहिले चित्र पुरते, दुसरे केवळ नोंदीपुरते. म्हणून मोठ्या लेन्सवर खर्च करण्यापूर्वी अंतर कमी करण्याची रीत शिकावी, आणि ती रीत म्हणजे बदकाच्या मागे न जाता आधी जाऊन थांबणे. उजाडण्यापूर्वी काठावर पोहोचावे, मातकट किंवा सुक्या गवताच्या रंगाचे कपडे घालावेत, बांधाच्या माथ्यावर उभे न राहता त्याच्या उतारावर गवतात आडवे व्हावे, आणि लेन्सखाली तांदळाची अर्धी भरलेली कापडी पिशवी ठेवावी. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारात सुगीच्या दिवसांत भाताच्या पेंढ्याची गंजीही उत्तम आडोसा देते. त्यासाठी शेतकऱ्याची परवानगी आधी घ्यावी. लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आली की चित्राचे स्वरूपच बदलते. वरून घेतलेल्या चित्रात बदकाची फक्त पाठ दिसते. पातळीवरून घेतलेल्यात चोचीचा आकार, डोळ्याची लालसर छटा आणि बाजूच्या पिसांवरील बारीक करड्या रेघा दिसतात. पोहणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा ५०० वा ते १००० वा भाग, आणि उड्डाणासाठी किमान १६०० वा भाग ठेवावा, कारण काणूक अतिशय वेगाने, पाण्यालगत, झटक्यात वळणे घेत उडते. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. अन्यथा कॅमेरा पुढचे कमळाचे पान धरून बसतो. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरून उष्ण हवेच्या लहरी उठू लागतात आणि त्यानंतर दूरच्या पक्ष्याचे रेखीव चित्र कोणत्याही लेन्समधून येत नाही.

बदके खाणे थांबवून माना ताठ करू लागली, तर आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजावे आणि तेथेच निश्चल राहावे. उड्डाणाची चौकट हवी म्हणून दगड टाकून किंवा टाळी वाजवून थवा उठवणे मला मुळीच मान्य नाही. ती स्वतःहून उडतात, विशेषतः सकाळी एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाताना. तेवढा वेळ आपल्याजवळ असायला हवा.

राहिले वर्णन. ते पक्षी समोर असतानाच, आणि पुस्तक उघडण्यापूर्वी लिहावे. पुस्तकातील चित्र एकदा पाहिले की जे दिसले नाही तेही दिसल्यासारखे वाटू लागते. आकार नेहमी ओळखीच्या पक्ष्याशी ताडून लिहावा : टिबुकलीहून मोठे, अडईहून लहान, कबुतराएवढे. त्यानंतर चोच, डोके, डोळ्याची रेघ, गळा, पाठ, बाजू, पोट, आणि उडाल्यास पंख, या क्रमाने जावे. जो भाग दिसला नाही त्यापुढे ‘दिसला नाही’ असे लिहावे. शेवटी पक्षी काय करत होता आणि आवाज कसा होता. आपल्या तळ्यावरील नोंद अशी असू शकते :

‘नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी ७.२०, आकाश निरभ्र, ऊन पाठीमागून. अंतर सुमारे ३० मीटर. कमळाच्या पानांमध्ये ९ बदके, कबुतराएवढी. चोच आखूड, काळी, बुडाशी उंच. चेहरा पांढरा, माथा काळसर तपकिरी. तिघांच्या डोळ्यातून गडद रेघ. इतरांची रेघ नीट दिसली नाही. गळ्याला पट्टा नाही. पाठ काळसर, उन्हात हिरवी झळाळी. पाण्यावरील पानांच्या कडेने टोचून खात होती. बुडी मारताना दिसली नाहीत. दोन उडाली, एकाच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा, दुसऱ्याचा पंख दिसला नाही. उडताना भरभर, कुडकुडल्यासारखा आवाज.’

यात ‘सुंदर’ हा शब्द नाही, तरीही वाचणाऱ्या मुलांना ते बदक सुंदर वाटेल याविषयी मला शंका नाही. एक सूचना करावीशी वाटते. नोंद मुलांनाच करू द्यावी, दोघांनी एकमेकांशी न बोलता, आणि नंतर त्या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात. कोठे मतभेद होतो ते पाहून पुढच्या वेळी नेमके काय पाहायचे ते त्यांना आपोआप कळेल.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यात हिडकल धरणाच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात लहान बदकांचे मोठे थवे येतात. काही नरांचे डोके विटकरी असून त्यावर हिरवा पट्टा असतो, ते मी ओळखतो. पण थव्यातील बहुसंख्य बदके नुसती तपकिरी असतात. छायाचित्रावरून त्यांचे नाव कसे ठरवावे?

उत्तर : आपण ओळखता ते चक्रांग बदक. सुमारे ३८ सेंमीचे हे बदक युरोप व आशियाच्या उत्तर भागातून हिवाळ्यात आपल्याकडे येते. त्याच्या डोळ्यावरील हिरव्या पट्ट्यावरूनच इंग्रजीत एका रंगाचे नाव ‘टील’ असे पडले. आपण त्या रंगाला मोरपंखी म्हणू. त्याच थव्यात भुवई बदकही असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते किंचित मोठे असते व पूर्ण पेहरावातील नराची रुंद पांढरी भुवई चुकण्यासारखी नसते. अडचण अशी की दोन्ही जातींचे नर वीणीनंतर मादीसारखा फिका पेहराव धारण करतात. चक्रांगाचा नर साधारणतः डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुन्हा सजतो, भुवई बदकाचा नर मात्र हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत साधाच राहू शकतो. म्हणून नोव्हेंबरमधील सर्व तपकिरी बदकांना माद्या म्हणणे चूक ठरते.

छायाचित्र घेताना तीन जागा टिपाव्यात. पहिली म्हणजे चेहरा : भुवई बदकाच्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ, तिच्यावर फिकट भुवई आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका अशी ठळक नक्षी असते, तर चक्रांगाच्या मादीचा चेहरा बराच एकसारखा असतो. दुसरी जागा शेपटीची बाजू. चक्रांगाच्या मादीला तेथे एक फिकट आडवी रेघ असते. तिसरी आणि सर्वांत खात्रीची जागा म्हणजे पंख. चक्रांगाच्या पंखाच्या मागील भागात चकचकीत हिरवा पट्टा असतो. भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर करडा असतो आणि तो फिक्या पेहरावातही तसाच राहतो. पोहणाऱ्या बदकाचा पंख झाकलेला असतो, पण अंघोळ झाल्यावर ते पाण्यावर उंच होऊन पंख फडफडवते. बदक वारंवार डोके बुडवून अंगावर पाणी घेऊ लागले की बोट बटणावर ठेवून थांबावे. फडफड बहुधा त्यानंतर होतेच. चक्रांग पाण्यातून जवळजवळ सरळ वर झेपावते, त्यामुळे उड्डाणासाठी चौकटीत वरच्या बाजूला जागा सोडावी. आवाजही लिहून ठेवावा. चक्रांगाचा नर रातकिड्यासारखी किरकिरती शीळ घालतो, तर भुवई बदकाच्या नराचा आवाज फणीच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा कोरडा असतो.

प्रश्न : निपाणीहून विचारतो. मोबाइलमधील प्रणाली वापरून अस्पष्ट बदकाचे चित्र स्पष्ट करून घेतले, तर ते नोंदीसाठी चालेल का?

उत्तर : चालणार नाही. चौकट कापणे, एकंदर उजेड कमी-अधिक करणे यास हरकत नाही. परंतु अशा प्रणाली मूळ चित्रात नसलेली पिसे रचून भरतात. काणुकाच्या चेहऱ्यावर एक रेघ जास्त आली तरी नराची मादी होते. मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी व कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे याची खात्री करावी. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद देताना अस्पष्ट मूळ चित्र आणि नीट लिहिलेले वर्णन हेच द्यावे.

प्रश्न : बेळगावजवळच्या एका तळ्याकाठी आंब्याच्या ढोलीत काणुकाची जोडी गेल्या पावसाळ्यात जा-ये करत होती. पुढील वर्षी घरट्याचे व पिल्लांचे छायाचित्र घ्यावे असे वाटते. कसे घ्यावे?

उत्तर : ढोलीच्या आतले चित्र घेऊ नये. काणूक पाण्याजवळच्या झाडांच्या नैसर्गिक ढोलीत अंडी घालते आणि उबवण्याचे काम मादी करते. आपण शिडी लावली, फांद्या छाटल्या किंवा फ्लॅश मारला, तर ती घरटे सोडू शकते, आणि उघडी पडलेली ढोली कावळ्याच्या व सापाच्या नजरेस येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना उपद्रव देणे हा गुन्हाही ठरू शकतो.

त्याऐवजी दूर, तळ्याच्या दुसऱ्या काठावर, छत्रीखाली बसून झाड आणि पाणी दोन्ही दिसतील अशी जागा निवडावी. मादी ढोलीत शिरण्याची व निघण्याची वेळ रोज लिहावी. चित्रांइतकीच ती वेळापत्रकाची वही उपयोगी पडेल. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले ढोलीत फार काळ राहत नाहीत. खालून आई हाक मारते आणि ती एकामागून एक खाली उड्या घेतात. कापसाच्या बोंडाएवढी ती पिल्ले पडून दुखावत नाहीत, इतकी हलकी असतात. हे बहुधा सकाळी घडते. त्या दिवशी आभाळ भरलेले असेल, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० किंवा त्याहून अधिक ठेवण्याची तयारी असावी, आणि कॅमेऱ्याला पावसापासून जपण्यासाठी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवावी. समाजमाध्यमांवर चित्र दिले तर झाडाची जागा सांगू नये. पिल्ले पोहू लागून कुटुंब कमळांत मिसळले की मग तळ्याचे नाव सांगण्यास हरकत नाही.